शिशाचे ओझे आणि गॅरेजमधले गणित

नागपुरात माझे मोटर रिवाइंडिंगचे छोटेसे दुकान आहे. गेल्या काही वर्षांत दुकानात ई-रिक्षावाल्यांची ये-जा वाढली आहे. मोटर दाखवायला येतात आणि चहा येईपर्यंत हमखास एक प्रश्न विचारतात, "काका, या टायमाला ॲसिडवाली टाकू का लिथियम?"

ई-रिक्षात साधारणपणे बारा व्होल्टच्या चार शिशाच्या बॅटऱ्या असतात. रोजच्या धावपळीत त्या वर्ष-दीड वर्षात दमतात. नवा संच म्हणजे नवा हप्ता. लिथियमचा संच घ्यायचा तर हप्ता आणखी मोठा. त्यामुळे प्रश्न वरवर सोपा असला, तरी विचारणाऱ्याच्या घरातल्या तेल-मिठाशी त्याचा संबंध आहे. त्याला प्रामाणिक उत्तर देता यावे म्हणून मी वाचायला लागलो आणि वाचता वाचता विद्युत मोटारीच्या इतिहासातल्या एका दुर्लक्षित प्रकरणापाशी येऊन पोहोचलो.

हा इतिहास आपल्याकडे बहुधा दोनच टप्प्यांत सांगितला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विजेच्या मोटारी होत्या, पेट्रोलने त्यांना हरवले. मग एकविसाव्या शतकात त्या परत आल्या. मधली सत्तर-ऐंशी वर्षे जणू कोरी गेली. पण ती कोरी नव्हती. त्या काळात काही माणसे घराच्या मागच्या गॅरेजमध्ये जुन्या गाड्यांचे इंजिन उतरवून त्या जागी मोटर बसवत होती. कोणती मोटर, कोणत्या बॅटऱ्या, गिअरबॉक्स ठेवायचा की काढायचा, हे प्रश्न ती माणसे स्वतःच्या खिशातल्या पैशांनी सोडवत होती. आजच्या कारखान्यांनी दिलेली काही महत्त्वाची उत्तरे आधी तिथे तपासली गेली आहेत, असे मला दिसते. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

पहिला वाद : शिसे की निकेल?

पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. १८८१ मध्ये कामिय फोर यांनी प्लेटवर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची पद्धत काढली आणि बॅटरी कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागली. बॅटरी चांगली, स्वस्त, पण अतोनात जड. हे ओझे कमी करायचेच, अशा जिद्दीने थॉमस एडिसन निकेल-लोखंडाच्या बॅटरीमागे लागले. १९०३ च्या सुमारास त्यांनी ती बाजारात आणली. ती गळू लागली, तिची ताकद घटू लागली, म्हणून उत्पादन थांबवावे लागले. सुधारलेली बॅटरी यायला १९०९-१० उजाडले. ती कित्येक वर्षे टिकत असे, मात्र महाग होती आणि थंडीत मंदावत असे.

तोवर फोर्डची स्वस्त 'मॉडेल टी' १९०८ मध्ये आली होती. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारून इंजिन सुरू करण्याची कटकट संपू लागली. गंमत अशी, की या स्टार्टरला शिशाची बॅटरी लागत होती. विजेच्या मोटारीला बाजारातून घालवणाऱ्या पेट्रोलच्या गाडीनेच शिशाच्या बॅटरीचा धंदा जगवला.

विजेवर चालणारी वाहने उरली ती कोपऱ्याकोपऱ्यात : गोदामातला फोर्कलिफ्ट, इंग्लंडमधली दुधाची गाडी, गोल्फच्या मैदानावरची बग्गी. हे कोपरे लक्षात ठेवायला हवेत. गॅरेजवाल्यांना लागणारे भाग पुढे इथूनच मिळाले.

१९६८ ची शर्यत

लॉस एंजेलिसच्या आकाशात धुरकट धुक्याचा थर साचण्याचे ते दिवस. जवळच्या पासाडेना गावातल्या कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे कॅलटेकमधल्या वॉली रिपेल या विद्यार्थ्याने १९५८ सालची जुनी फोक्सवॅगन मायक्रोबस घेतली आणि ती विजेवर चालणारी केली. मग त्याने थेट मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीला आव्हान दिले. कॅलटेकची गाडी पश्चिमेकडून पूर्वेला जाईल, एमआयटीची पूर्वेकडून पश्चिमेला येईल. बघू कोण जिंकतो.

२६ ऑगस्ट १९६८ रोजी दोन्ही गाड्या निघाल्या. अंतर सुमारे ३,३०० मैल. वाटेत पन्नासहून अधिक ठिकाणी चार्जिंगची सोय केली होती, म्हणजे सरासरी साठेक मैलांवर एक थांबा. दोन्ही संघांची बॅटरीची निवड मात्र अगदी उलटी होती. कॅलटेकने सुधारित शिशाच्या बॅटऱ्या घेतल्या : जड, पण विद्यार्थ्यांच्या आवाक्यातल्या. एमआयटीने शेव्हरोलेच्या कॉर्व्हेर गाडीत निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या घातल्या. त्या लवकर भरत, पण किमतीने कित्येक पट महाग होत्या. एखादी कंपनी पाठीशी उभी असल्याशिवाय विद्यार्थ्यांना त्या परवडणाऱ्या नव्हत्याच.

बॅटऱ्यांचा विचार दोघांनीही बारकाईने केला होता. पण दगा दिला तो मोटरने. कॅलटेकची मोटर ॲरिझोनात जळाली आणि नवी येईपर्यंत जवळजवळ एक दिवस गाडी जागेवर उभी राहिली. एमआयटीची गाडी पासाडेनाला आधी पोहोचली खरी, पण शेवटी दुसऱ्या वाहनाने ओढून आणलेली. ओढून नेल्याबद्दल नियमाप्रमाणे दंडाचा वेळ धरला गेला. सगळी बेरीज-वजाबाकी झाल्यावर दोनशेहून अधिक तासांच्या या शर्यतीत कॅलटेक जेमतेम अर्ध्या तासाने जिंकले.

पुष्कळ लोक ही शर्यत म्हणजे विद्यार्थ्यांची मौज समजतात. मला तिच्यात दोन गोष्टी दिसतात. एक, महाग बॅटरी घेतली म्हणून गाडी आपोआप चांगली होत नाही. दुसरी, बॅटरी, मोटर, चाक, वजन हे सगळे एकाच दोरीला बांधलेले असतात. एक भाग वाढवला की दुसऱ्यावर ताण येतो आणि दोरी नेमकी जिथे कच्ची असते तिथेच तुटते.

वीस बॅटऱ्यांचा हिशेब

शर्यतीच्या आदल्याच वर्षी, १९६७ मध्ये, कॅलिफोर्नियात 'इलेक्ट्रिक ऑटो असोसिएशन' ही हौशी लोकांची संघटना स्थापन झाली होती. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले, अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि ही हौस गरज वाटू लागली. १९७६ मध्ये अमेरिकी संसदेने अध्यक्ष फोर्ड यांचा नकाराधिकार ओलांडून विद्युत वाहनांच्या संशोधनाचा कायदा केला. तरी विजेची मोटार दुकानात जाऊन विकत घ्यावी, अशी स्थिती आलीच नाही. ज्याला ती हवी त्याने ती स्वतः करायची.

त्याला भाग कुठे मिळत? मोटरीसाठी पहिली जागा भंगारातला फोर्कलिफ्ट. तिची मोटर दणकट, पण जड आणि सावकाश फिरणारी. दुसरी जागा लष्करी विमानांचे जुने सामान. विमानाचे इंजिन सुरू करणारे आणि नंतर वीज निर्माण करणारे यंत्र आकाराने लहान, ताकदीने मोठे. पण ते जोराच्या हवेने थंड होत राहावे, अशा बेताने बनवलेले असते. गाडीच्या बॉनेटखाली ती हवा नसते, म्हणून वेगळा पंखा लावावा लागे. पुढे खास गाडीसाठी बनवलेल्या डीसी मोटरी मिळू लागल्या.

या बहुतेक मोटरी सिरीज वाइंडिंगच्या. तिचे गुण-दोष आमच्या धंद्यातल्या माणसाला पाठ असतात. जागेवरून उठताना ती सर्वांत जास्त जोर देते, म्हणून गाडीला सोयीची. पण तिच्यावरचा भार काढून घेतला तर ती वेग वाढवत सुटते, अगदी कॉम्युटेटरच्या चिंधड्या होईपर्यंत. क्लच दाबून ॲक्सिलरेटरवर पाय ठेवण्याची जुनी सवय इथे मोटरीच्या जिवावर बेतू शकते. शिवाय उतारावर किंवा ब्रेक लावताना वीज परत बॅटरीत घेणे या मोटरीत अवघड.

मूळ गिअरबॉक्स बहुतेकांनी ठेवला. कारण कंट्रोलर ठरावीक अँपिअरच्या पलीकडे देत नसे आणि चढावर गिअरचाच आधार लागे. पण मोटर आणि गिअरबॉक्स जोडणारी मधली प्लेट व कपलिंग लेथवर अचूक उतरवावे लागे. दोन शाफ्टच्या रेषेत केसभर फरक राहिला तरी थरथर होते आणि बेअरिंग जाते. कंट्रोलरचे म्हणाल, तर सुरुवातीला बॅटऱ्यांचे गट कॉन्टॅक्टरने आधी समांतर आणि मग एकसर जोडून वेग वाढवत. गाडी प्रत्येक टप्प्याला हिसका देई. ऐंशीच्या दशकात ट्रान्झिस्टरवर चालणारे कंट्रोलर आले, तेव्हा कुठे हा हिसका गेला.

उरली बॅटरी. गॅरेजवाल्यांची आवडती म्हणजे गोल्फच्या बग्गीची सहा व्होल्टची शिशाची बॅटरी. वजन सुमारे २८ किलो, क्षमता सुमारे २२० अँपिअर-तास. जाड प्लेटची, म्हणून खोलवर रिकामी केलेली सोसणारी. आपण हिशेब करून पाहू. अशा २० बॅटऱ्या एकसर जोडल्या, तर १२० व्होल्ट होतात आणि वजन भरते ५६० किलो. १२० गुणिले २२०, म्हणजे २६.४ युनिट वीज. आपल्या वीजबिलावर असते तेच युनिट. पण कंपनीने लिहिलेली क्षमता वीस तास सावकाश वीज काढली तर मिळणारी असते. गाडी तीच वीज तास-दोन तासांत मागते. तेव्हा २२० ऐवजी १४०-१४५ अँपिअर-तासच हाती येतात, म्हणजे १७ युनिट. त्यातही बॅटरी टिकवायची असेल तर एक पंचमांश शिल्लक ठेवायची. उरले १३ ते १४. इतकी जड गाडी किलोमीटरला पाव युनिटच्या आतबाहेर खाते. म्हणजे एका चार्जमध्ये साधारण साठ किलोमीटर. उलट एका लिटर पेट्रोलमध्ये जवळपास नऊ युनिटांइतकी उष्णता असते. मोटरीची कार्यक्षमता इंजिनाच्या तिप्पट धरली, तरी शिशाची बाजू किती लंगडी होती ते यावरून कळते.

इतके वजन वाढले की स्प्रिंग बदला, ब्रेक बदला, टायर बदला. म्हणून अनुभवी माणसे सल्ला देत : आधी गाडी किती ओझे वाहू शकते ते बघा, मग बॅटरी निवडा आणि मोटर सर्वांत शेवटी. नवखा नेमके उलटे करतो, कारण मोटर ही दिमाखाची वस्तू असते.

नवख्यांमध्ये मीही आहे. २००९ मध्ये, विदर्भात लोडशेडिंगचा जोर असताना, मी भंगार बाजारातून फोर्कलिफ्टची मोटर आणली आणि एका जुन्या तीनचाकी टेम्पोच्या सांगाड्यावर बसवली. घराघरांत इन्व्हर्टर होतेच, त्यामुळे १५० अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्या सहज मिळाल्या. मोटर सरासरी ७५ अँपिअर घेत होती. १५० भागिले ७५, बरोबर दोन तास, असे मी वहीत लिहिले. टेम्पो पाऊण तासात रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मुलगा आणि मी तो ढकलत घरी आणला. इन्व्हर्टरची बॅटरी दिवे-पंख्यांना रात्रभर थोडी थोडी वीज देण्यासाठी असते. चूक तिची नव्हती, माझ्या भागाकाराची होती. विल्हेल्म प्यूकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्येच हा नियम मांडून ठेवला होता : शिशाच्या बॅटरीतून जितक्या घाईने वीज काढाल, तितकी एकूण वीज कमी मिळेल. मला तो शंभरेक वर्षे उशिरा, घाम गाळून कळला.

शेतातली मोटर आणि लॅपटॉपचे सेल

या गणितातून सुटका कशी झाली? तीही बरीचशी त्याच माणसांच्या हातून. शर्यत जिंकणारा रिपेल पुढे विद्युत वाहनांच्या संशोधनातच राहिला. कॅलटेकचाच पदवीधर ॲलन कोकोनी हा पॉवर इलेक्ट्रॉनिक्समधला अवलिया. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियातली सौरगाड्यांची शर्यत जिंकणाऱ्या जनरल मोटर्सच्या 'सनरेसर'साठी त्याने काम केले होते. जानेवारी १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात जनरल मोटर्सने 'इम्पॅक्ट' ही विजेची गाडी दाखवली. तिचा इन्व्हर्टर कोकोनीचा. पुढे १९९६ मध्ये तिचीच 'ईव्ही-१' झाली.

या गाडीत ब्रशची डीसी मोटर नव्हती, एसी इंडक्शन मोटर होती. म्हणजे तत्त्वाने आपल्या शेतातल्या विहिरीवर चालणारी थ्री फेज मोटरच. तिला ब्रश नाहीत, कॉम्युटेटर नाही, उधळण्याची भीती नाही. पंपाची मोटर ५० हर्ट्झला बांधलेली असते. इन्व्हर्टरने ही वारंवारता हवी तशी वाढवली, की तीच मोटर कितीतरी वेगाने फिरते. मग पाच गिअरांचा डबा लागत नाही, एकच गिअर पुरतो. ब्रेक लावताना वीजही परत मिळते. गॅरेजवाल्यांच्या डोक्याला ताप देणारे तीन प्रश्न एका इन्व्हर्टरने सुटले. १९९२ मध्ये कोकोनी, रिपेल आणि पॉल कारोसा यांनी 'एसी प्रोपल्शन' ही छोटी कंपनी काढली. त्यांची 'टीझीरो' ही गाडी सुरुवातीला शिशाच्या २८ बॅटऱ्यांवर धावत होती. वेग थक्क करणारा, पण पल्ला शिशाचाच.

लिथियम-आयन सेल सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणला होता. व्हिडिओ कॅमेरे आणि लॅपटॉप यांच्यामुळे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा छोटा सेल कोट्यवधींच्या संख्येने बनू लागला. वजन सुमारे ४५ ग्रॅम. गाडीसाठी मोठा लिथियम सेल कधी येईल, याची मोठमोठे कारखाने वाट पाहत असताना, २००३ मध्ये एसी प्रोपल्शनने हे बोटाएवढे सुमारे ६,८०० सेल जोडून 'टीझीरो'त बसवले. गाडी हलकी झाली आणि पल्ला पूर्वीच्या तिपटीच्या आसपास गेला. हे करून पाहण्याचा आग्रह धरणाऱ्यांत मार्टिन एबरहार्ड होते. त्याच वर्षी त्यांनी मार्क टार्पेनिंग यांच्यासह टेस्ला कंपनी सुरू केली. तिथे तंत्रज्ञ म्हणून नावारूपाला आलेल्या जे. बी. स्ट्रॉबेलने त्याआधी स्वतःची जुनी पोर्शे घरीच शिशाच्या बॅटऱ्यांवर चालवून पाहिली होती. टेस्लाने एसी प्रोपल्शनचे तंत्रज्ञान परवान्याने घेतले. २००८ मध्ये रस्त्यावर आलेल्या त्यांच्या पहिल्या गाडीत ६,८३१ छोटे सेल होते. वॉली रिपेलही काही काळ तिथे होता. १९६८ ची मायक्रोबस आणि आजची विद्युत गाडी यांच्यामध्ये माणसांची अशी सलग साखळी आहे.

आपल्याकडेही या साखळीचा एक धागा आला. चेतन मैनी हे मिशिगन विद्यापीठाच्या सौरगाडीच्या संघात होते. त्यांची 'रेवा' २००१ मध्ये बंगळूरहून बाजारात आली : सहा व्होल्टच्या आठ शिशाच्या बॅटऱ्या, एकूण ४८ व्होल्ट. आजच्या ई-रिक्षाचाही व्होल्टेज बहुधा तोच.

चूक सोसणारी आणि न सोसणारी

मग शिसे हरले आणि लिथियम जिंकले, असे म्हणून थांबावे का? गॅरेजवाल्यांचा अनुभव आणखी एक गोष्ट सांगतो. शिशाची बॅटरी चूक सोसते. एकसर जोडलेल्या बॅटऱ्यांत एखादी मागे राहिली, तर थोडा जास्त वेळ चार्ज केले की भरलेल्या बॅटऱ्या नुसता वायू सोडतात आणि मागे पडलेली पुढच्यांना गाठते. पाणी कमी झाले की डिस्टिल्ड वॉटर घाला. लिथियमच्या सेलला ही मुभा नाही. भरल्यावर आणखी भरला तर तो बिघडतो, प्रसंगी पेटतो. मर्यादेखाली रिकामा केला तर कायमचा जातो. म्हणून प्रत्येक सेलवर नजर ठेवणारी यंत्रणा, म्हणजे बीएमएस, लागते. २००८ नंतर घरगुती गाडीवाले चीनमधले लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे मोठे सेल आणू लागले, तेव्हा सगळे सेल भरलेल्या अवस्थेत समान करावेत की रिकाम्या, यावर त्यांच्यात कडाक्याचे वाद झाले. वाद तांत्रिक होता, पण त्यामागे कितीतरी जणांनी स्वतःच्या पैशांचे जाळलेले सेल होते.

आता ही मंडळी अपघातात मोडलेल्या निसान लीफसारख्या गाड्यांतून मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरी असा अख्खा संच काढतात. भाग उत्तम, पण त्यांच्या आतला संवाद बंद सॉफ्टवेअरमध्ये असतो. तो फोडून समजून घेण्यातच आजच्या गॅरेजवाल्याचे निम्मे आयुष्य जाते. आपल्याकडे मोटर वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. इंजिनाची गाडी विजेवर आणायची तर चाचणी संस्थेने मंजूर केलेले किटच लागते. पुण्याची एआरएआय ही अशी एक संस्था. नियम हवेतच; माझा टेम्पो भर रस्त्यात बंद पडला, पेटला असता तर? तरी एक खंत राहते. ज्या बॅटरीवर माणसाचे पोट आहे, तिच्या आत काय चालले आहे हे त्याला कळण्याची वाट दिवसेंदिवस बुजत आहे. शिशाच्या बॅटरीचे झाकण उघडून हायड्रोमीटर घालता येत असे. लिथियमच्या डब्यावर 'उघडू नका' एवढेच लिहिलेले असते. एक सेल गेला की पुष्कळदा अख्खा डबा बदलायला सांगतात.

म्हणून रिक्षावाल्याला मी एकदम उत्तर देत नाही. आधी विचारतो : रोज किती किलोमीटर होतात? सवाऱ्या किती बसवता? उड्डाणपूल रोज चढावा लागतो का? चार्जर कुठला आहे? पाणी वेळेवर घालायची सवय आहे का? लिथियमचा डबा बिघडला तर तो उघडून दुरुस्त करणारा तुमच्या वस्तीजवळ कोण आहे? ही उत्तरे मिळाली की उरतो तो नुसता भागाकार, आणि तो मी त्याच्यासमोर वहीत करून दाखवतो. परवा एक तरुण सगळे ऐकून म्हणाला, "काका, म्हणजे पयले माह्या गाडीचाच हिशोब पाहा लागते."

मी त्याला वहीचे पान फाडून दिले. त्याने ते घडी घालून परमिटच्या कागदांत ठेवले.